गाडी पन्नास लाखांची, हिशेब सोयाबीनचा

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती. त्याच दिवसापासून मोटारींवरचा जीएसटी उतरला. इकडे शोरूमच्या दारात झेंडूची तोरणे लागली होती आणि तिकडे मराठवाड्यात पाऊस असा कोसळत होता की, काढणीला आलेले सोयाबीन शिवारातच पाण्याखाली गेले होते. अशा त्या दिवसांत माझ्या भाच्याचा फोन आला.

"मामा, भाव लई उतरल्यात. आता नाही घेतली तर कधी घ्यायची?"

घ्यायची होती ती गाडी. साधीसुधी नव्हे; उंच, पांढरी, सात जणांची, पन्नास लाखांच्या घरातली एसयूव्ही. भाचा अहमदपूर तालुक्यातला, म्हणजे नांदेड आणि लातूरच्या जवळजवळ मधोमध. चौदा एकर जमीन आणि एक कृषी सेवा केंद्र. मी नांदेडला एका बँकेत एकतीस वर्षे काढून निवृत्त झालो. त्यातली निम्मी वर्षे कर्ज विभागात गेली. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला कर्ज काढायचे झाले की मला विचारतात, आणि बहुधा ऐकत नाहीत.

दिवाळीत त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने शोरूममधून आणलेला कागद पुढे ठेवला. तीस लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी, बारा लाख मावेजाच्या ठेवीतून आणि आठ लाख दुकानाच्या सी.सी. खात्यातून. महामार्गात त्यांची थोडी जमीन गेली होती, तिचा चोवीस लाख मावेजा बँकेत ठेवलेला होता.

आधी करकपातीचे पाहू, कारण सगळी घाई तिच्यामुळे. चार मीटरहून लांब, दीड हजार सीसीहून मोठ्या इंजिनाच्या आणि उंच बांध्याच्या गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर २२ टक्के उपकर, असा ५० टक्के कर होता. उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के झाले. करापूर्वीची किंमत ३० लाख धरली तर गाडी ४५ लाखांवरून ४२ लाखांवर आली. सरळ तीन लाखांचा फायदा. त्या ४२ लाखांवर महाराष्ट्रात वैयक्तिक नावाच्या डिझेल गाडीला १५ टक्के मोटार वाहन कर लागतो, म्हणजे ६ लाख ३० हजार. पेट्रोल असेल तर १३ टक्के, ५ लाख ४६ हजार. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, ८ लाख ४० हजार. शिवाय एक टक्का टीसीएस. तो पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विमा धरला की पन्नास लाख झाले.

"दुकानाच्या नावानं घेतली तर टॅक्स वाचतो म्हणतेत," भाचा म्हणाला. हे अर्धसत्य आहे. एकट्याच्या मालकीचे दुकान आणि त्याचा मालक कायद्याने एकच, त्यामुळे वीस टक्क्यांचे भय नाही. धंद्यासाठी जेवढा वापर, तेवढ्यापुरता वर्षाला १५ टक्के घसारा आणि कर्जाचे व्याज खर्चात दाखवता येते. पण अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट दुकानदाराला मिळत नाही, आणि शेतीच्या उत्पन्नावर मुळात प्राप्तिकरच नसल्याने तिथे घसारा दाखवून काय वाचणार? डॉक्टरांचे गणित वेगळे, कारण त्यांचे बहुतेक उत्पन्न करपात्र असते. लातूरच्या डॉक्टरने घेतली म्हणून अहमदपूरच्या दुकानदाराने त्याच पद्धतीने घेऊ नये.

पांढऱ्या गाडीच्या हौसेला हसणे सोपे आहे. मी हसत नाही. आमच्या भागात १९९४ नंतर सुमो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २००९ मध्ये फॉर्च्युनर. प्रत्येक वेळी पुढाऱ्यांच्या दारात आधी आणि नंतर गुत्तेदार, आडते, दुकानदार यांच्या दारात. गाडी पाहून कंपनीचा प्रतिनिधी माल उधार देतो, सोयरीक जुळवणारा खुर्ची पुढे सरकवतो. बँकेत आम्हीसुद्धा खिडकीतून आधी गाडी पाहत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा दिखाऊपणाचीही काही किंमत असते. ती किती मोजायची, एवढाच प्रश्न.

मग गाडीच्या अंगाची चर्चा झाली. भाच्याला सगळ्यात वरचे मॉडेल हवे होते: चारही चाकांना जोर, छताला काच, मोठी चाके. मी त्याला विचारले, "सध्याच्या गाडीचा मीटर किती?" सहा वर्षांत एक लाख दहा हजार. म्हणजे वर्षाला अठरा हजार किलोमीटर. त्यातले बरेचसे लातूर-नांदेड महामार्गावरचे. हे डिझेलच्या बाजूचे उत्तर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग आणि वेगात चालावी लागते. घर ते दुकान आणि दुकान ते घर असे दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते. नांदेड शहरातच फिरणाऱ्या माझ्यासारख्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. भाच्याने खुशाल जावे.

"आणि चार चाकांचा जोर कशाला?"

"रानात जावं लागतं की, मामा."

"सहा वर्षांत किती वेळा रुतलास?"

"दोनदा."

"काढली कुणी?"

यावर तो हसला, कारण दोन्ही वेळा गाडी ट्रॅक्टरनेच ओढून काढली होती. आपली काळी माती पावसाळ्यात चाकाला मळलेल्या कणकेसारखी बसते. डांबरी रस्त्याच्या टायरची नक्षी एकदा भरली की दोन चाके फिरोत की चार, गाडी जागेवरच. कोकणातल्या घाटात किंवा पहाडात राहणाऱ्याला या सोयीचा उपयोग आहे. पाणंद रस्त्याने वर्षातून दहा वेळा शेतावर जाणाऱ्याने त्यासाठी काही लाख मोजून वर आयुष्यभर जास्तीचे वजन आणि जास्तीचे डिझेल का वाहावे?

छताच्या काचेचे काय सांगू? एप्रिल-मेमध्ये लातूरला जे ऊन पडते त्यात माणूस सावली शोधतो, हा वरून उजेड मागतो. मोठ्या चाकांची ऐट खरी, पण टायर बदलायची वेळ आली की दुकानदार जो आकडा सांगतो त्याने ऐट उतरते. मी त्याला दुसरेच पाहायला सांगितले. ऊसतोडीच्या हंगामात लातूरकडच्या रस्त्यांवर रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. त्यामुळे पुढचे दिवे कसे आहेत, ब्रेक कसे आहेत, एअरबॅग किती, धडकेच्या चाचणीत किती तारे मिळाले, हे आधी. तिसऱ्या रांगेत स्वतः बसून पाहा, तिथे थंड हवा पोचते का. सगळ्या रांगा भरल्या की सामानाला जागा उरते का. आणि वर्कशॉप किती लांब. या प्रश्नांची उत्तरे दिली की बऱ्याचदा मधले मॉडेल पुरे होते.

एवढे त्याने ऐकून घेतले. हप्त्याचा विषय निघाला तेव्हा मात्र तो अडला. "मामा, अठ्ठेचाळीस हजार तर हप्ता आहे."

हप्त्याचा विषय निघाला की मला २०१० सालचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आठवते. त्या वर्षी ऑक्टोबरात तिथल्या उद्योजक, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एका दमात घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. त्यासाठी स्टेट बँकेने चाळीस कोटींहून अधिक कर्ज दिले ते ७ टक्के दराने. देशभर चर्चा झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिले की, ट्रॅक्टरच्या कर्जाला मात्र १२ टक्के दर पडतो. लोकांनी त्या मंडळींना चैनबाज ठरवले. मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, ती माणसे शोरूमच्या खुर्चीत बसून हप्ता विचारत बसली नाहीत. दीडशे जण एकत्र आले, किंमत वेगळी ठरवली, व्याजाचा दर वेगळा ठरवला आणि मग सही केली. दुसरी गोष्ट आमच्या बाजूची आहे. पगारदाराचे किंवा उद्योजकाचे विवरणपत्र स्वच्छ, शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर. म्हणून पहिल्याला कमी दर, दुसऱ्याला जास्त. कागदावर हे बरोबर दिसते. असे कागद मी स्वतः वर्षानुवर्षे तयार केले आहेत. तरी ते मर्सिडीज आणि ट्रॅक्टरचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला त्या रात्री नीट झोप लागली नव्हती.

आता भाच्याचा हप्ता. ३० लाख, ९ टक्के दर, सात वर्षे: महिना ४८,२६७ रुपये. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता ६२,२७५. शोरूममधला मुलगा सात वर्षेच सुचवतो, कारण आकडा लहान दिसतो. पण सात वर्षांत एकूण व्याज होते साडेदहा लाख आणि पाच वर्षांत सात लाख ३७ हजारांच्या आसपास. फरक जवळजवळ तीन लाख अठरा हजारांचा. म्हणजे सरकारने करात जे तीन लाख सोडले ते दोन वर्षे मुदत वाढवून आपणच बँकेला देऊन मोकळे. कुणी "फक्त सात टक्के" म्हणाले तर एवढेच विचारावे, दर सपाट की घटत्या शिलकेवर? सपाट ७ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी लाखाला हप्ता २,२५० बसतो, आणि घटत्या शिलकेवर हाच हप्ता साडेबारा टक्क्यांना पडतो.

याहून मोठा घोळ निराळाच आहे. मोटारीच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला, आणि आपले पीक वर्षातून दोनदा. ट्रॅक्टरच्या कर्जाला बँका सहामाही हप्ते देतात, कारण सोयाबीन आणि हरभरा कधी विकला जातो हे त्यांना ठाऊक असते. मोटारीचे कर्ज बांधले आहे पगारदारासाठी. मी कागदावर लिहून दाखवले: वर्षाचे हप्ते ५ लाख ७९ हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एकशेनऊ क्विंटल. एकरी आठ क्विंटल पिकले तर चौदा एकरांचे सगळे सोयाबीन, बी-खत-मजुरी न वजा करता, आणि तेही हमीभावाने विकले गेले तर. त्या दिवाळीत बाजारातला भाव हमीभावाच्या खाली होता आणि भाच्याचे निम्मे पीक भिजले होते.

"दुकान आहे ना," तो म्हणाला.

दुकान आहे, म्हणूनच मला सी.सी. खात्यातले आठ लाख सगळ्यात जास्त खुपत होते. ते खाते माल भरण्यासाठी असते. मे-जूनमध्ये बियाणे आणि खत उचलायची वेळ येते तेव्हा मर्यादा भरलेली असेल तर दुकानात माल येणार नाही. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेले की तिथलेच होते. माझ्या नोकरीत अशी तीन दुकाने मी बसताना पाहिली. पहिल्या हप्त्यापासून सगळे सुरळीत होते, अडले ते जूनमध्ये.

ज्याची ठेव बँकेत आहे आणि ती अगदीच मोडायची नाही, त्याने ठेवीवर उचल मिळते हे लक्षात ठेवावे. तिचा दर साधारण ठेवीच्या व्याजापेक्षा एक टक्का जास्त असतो, जेवढे पैसे वापरले तेवढ्यावरच व्याज, आणि पीक विकले की भरून टाकता येते. मोटारीचे कर्ज बहुधा स्थिर दराचे असते. ते मुदतीआधी फेडायला गेलात तर दंड लागू शकतो. सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे.

विम्याचे थोडक्यात. शोरूमचाच विमा घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरून दर मागवावेत. २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, बाकीचा भाग निवडता येतो. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, म्हणून शून्य घसाऱ्याचे कलम पहिली काही वर्षे असावे. आणि २०२५ चा पाऊस पाहिल्यावर इंजिनाच्या संरक्षणाचे कलमही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला जाऊ नये. इंजिन तिथेच जाते आणि साधा विमा त्याला पैसे देत नाही.

हे सगळे चालले असताना बहीण आतबाहेर करत होती. एक शब्द मध्ये बोलली नाही. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "दादा, ते मावेजाचे निम्मे पैसे पोरीचे आहेत. तू सांगितलंस का त्याला?" तिची धाकटी लातूरला अकरावीत आहे, नीटची तयारी करते आहे. सरकारी महाविद्यालयात नंबर लागला तर ठीक, नाही लागला तर फी किती होते हे लातूरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. मी सांगितले नव्हते, कारण मला ठाऊक नव्हते. परत आत गेलो. भाचा मान खाली घालून म्हणाला, "आईनं मला कधी म्हटलं नाही." बहीण म्हणाली, "तू इचारलं होतंस का?"

हरभरा निघाल्यावर त्याने नवा कागद आणला. या वेळी स्वतःच्या अक्षरातला. मधले मॉडेल, डिझेल, दोन चाकांचे, विम्यासह तेहतीस लाख. जुनी गाडी सहा लाखांना जाणार, आपल्या वाट्याचे बारा लाख, कर्ज पंधरा लाख, मुदत पाच वर्षे, हप्ता ३१,१३८. सी.सी. खात्याला हात नाही. बहिणीच्या मुलीच्या नावाने बारा लाखांची वेगळी पावती करून ती आईकडे दिलेली. कागदाच्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलने लिहिले होते: वर्षाला सत्तर क्विंटल. मी ते दोनदा तपासले. बरोबर होते.

"रंग?" मी विचारले.

"पांढराच, मामा."