शौक आहे, जागा नाही

"आपल्या लोकांना गाड्यांचा शौकच नाही," असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा.

नव्वदच्या दशकाअखेरीस गोव्यात बनलेली 'सॅन स्टॉर्म' आली. दोनच सीट, उघडं टप, फायबरची बॉडी. परदेशी स्पोर्ट्स कारपेक्षा कितीतरी स्वस्त. तरी चालली नाही. दोन गाड्या परवडणाऱ्याला स्वस्त नको, नाव हवं. आणि ज्याला स्वस्त हवी, त्याच्या दारात एकच गाडी उभी राहणार.

शौक नाही म्हणता? मग आमच्या नाशकात बनणारी, २०२० साली नव्या रूपात आलेली तीन दारांची थार लोकांनी का उचलली? तिच्यात निदान चौघं बसतात!

आमच्यासारख्यांचा पगार एक, गाडी एक. दवाखाना, शादी, जनाजा सगळं तिच्यावरच. दोन सीटच्या गाडीत अम्मीला बसवू की मुलांना?