नाव कोणाचे, कमाई कोणाची?



मागच्या आठवड्यात संध्याकाळचे प्रतिक्रमण आटोपून बसले होते, तेवढ्यात माझा भाचा आला. मोबाईलमध्ये वीस नावांची यादी होती. म्हणाला, “मावशी, वीस हजार दे. वर्षात दुप्पट करून देतो.”

त्याचा धंदा असा. आपल्या अंबाजोगाईत, परळीत, केजला आता जो तो आपल्या मालाचे व्हिडिओ यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर टाकतो, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतो. पण इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, फारसे कोणी घेत नाही. तो पत्ता आपण आधीच घ्यायचा. दुकानाचे नाव, त्यापुढे ‘व्हिडिओ’ किंवा ‘डॉट टीव्ही’. दुकान मोठे झाले की मालक आपल्याकडे येणार, तेव्हा चांगली किंमत लावायची.

यादी वाचताना अकराव्या नावावर माझे बोट थांबले. ते आपल्या स्थानकातल्या एका ताईंच्या पापडांचे नाव होते. नवरा गेल्यावर लाटणे हातात घेऊन त्यांनी दोन मुली शिकवल्या. धाकटी आता पापडांचे व्हिडिओ करते आणि पुण्याहून ऑर्डरी येतात.

“त्यांनी नोंदवले नाही, ही त्यांची चूक,” भाचा म्हणाला. “लोक गावाबाहेर प्लॉट घेऊन ठेवतात, तसेच हे.”

हा मुद्दा मी सहज झटकला नाही. आमच्याही घरी प्लॉट घेतलेला आहे. भाव चढेल म्हणून माल घेऊन ठेवणे बी.कॉम.ला शिकवलेच होते. पण प्लॉटचा भाव रस्ता आला, वस्ती वाढली म्हणून चढतो. त्या अकराव्या नावाचा भाव चढणार तो ताईंच्या मनगटांमुळे. त्यात आपण काय घातले? हजारभर रुपये आणि चलाखी.

आपल्या तिसऱ्या व्रताचे नाव अदत्तादान विरमण. जे दिलेले नाही ते न घेणे. कुलूप तोडले तरच चोरी, एवढा सोपा अर्थ आचार्यांनी ठेवला नाही. या व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहारही आहे, म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा माल खरा म्हणून खपवणे. ताईंच्या नावाचा पत्ता उघडावा आणि तिथे भलताच माणूस बसलेला असावा, हे मला त्यात बसणारे वाटते.

कायदाही काही वेगळे सांगत नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितले की डोमेन हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखे संरक्षण त्यालाही मिळू शकते. ‘डॉट इन’च्या नावांसाठी तक्रार करायची वेगळी सोयही आहे. पण पापड लाटणारी बाई तिथवर कधी जाणार?

जिओहॉटस्टारची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हे ताडून दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव आधीच नोंदवले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च कंपनीकडे मागितला. कंपनीने नकार दिला. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केले. ज्याचे त्याला द्यावे, हे मुलांना बरोबर कळले.

नावावर प्रामाणिक कमाई होतच नाही, असे मात्र नाही. ‘डॉट टीव्ही’ ही अक्षरे मुळात प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाची. व्हिडिओवाल्यांना ती हवीहवीशी वाटतात, म्हणून तुवालूला त्यांचे पैसे मिळतात. 2000 साली तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, त्यालाही या पैशांचा आधार झाला. पण नाव त्यांचे स्वतःचे होते. उद्या भाच्याने कोणाचेच नसलेले साधे नाव घेऊन त्यावर काही उभे केले, तर मी त्याच्या पाठीशी राहीन.

आणि एका गोष्टीत त्याचे खरे आहे. आपण बायका सगळे दुकान दुसऱ्याच्या ओट्यावर मांडतो. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 ॲप बंद केले, त्यात टिकटॉक गेले आणि कित्येकांची कमाई एका रात्रीत थांबली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल हॅक झाले. ते परत मिळाले, पण मधले दिवस त्यांनी कसे काढले असतील? स्वतःच्या नावाचा पत्ता असेल तर निदान गिऱ्हाईक आपल्याला शोधत तिथे येऊ शकते.

म्हणून मी भाच्याला सांगितले, वीस हजार देते, पण असे. या वीस जणांकडे जा, त्यांना समजावून सांग. नाव त्यांच्या स्वतःच्या नावावर, त्यांच्याच ईमेल आणि मोबाईलवर नोंदव. आपल्या मेहनतीची फी घे, पावती दे. माझे पैसे तोवरचे भांडवल. पहिली पावती पापडवाल्या ताईंची, आणि ती फी मी भरीन.

तो अजून हो म्हणालेला नाही. “यात सुटते किती?” असे पुटपुटत गेला. मीही पैसे अजून दिलेले नाहीत.

तोवर मैत्रिणींनो, तुमचे चॅनेल आणि डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते आजच बघा. डोमेन मुदतीपुरतेच आपले असते, म्हणून नूतनीकरणाची तारीख दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. आणि घरातले कोणी अशी यादी घेऊन आले, तर पैसे काढण्याआधी ती पूर्ण वाचा. एखादे नाव ओळखीचे निघेल.