शब्दविचार : फारकत

पती-पत्नी विभक्त झाले, एखादा पक्ष आघाडीतून बाहेर पडला, की 'फारकत' हा शब्द हमखास येतो. 'वास्तवाशी फारकत' हा त्याचाच लाक्षणिक प्रयोग.

शब्दाचे मूळ मात्र अरबी-फारसी 'फारिगखती'त आहे. 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख. देणे फिटले, भागीदारी संपली, आता परस्परांवर कोणताही दावा उरला नाही, असे लिहून दिलेला कागद म्हणजे फारखती. घटस्फोटाच्या लेखालाही पुढे हेच नाव मिळाले.

'वियोग' दैवाने घडतो, 'दुरावा' नकळत वाढतो. फारकत मात्र समजून-उमजून, हिशेब चुकता करून घ्यावयाची असते. भाऊ वेगळे होतात, दुकान आणि घर वाटले जाते, सह्याही होतात. परंतु मनातील येणे-बाकी वर्षानुवर्षे पुढील पानावर ओढली जाते आणि मुलांच्या लग्नपत्रिकेवरील नावांपर्यंत पोहोचते. कागद पुरा होतो, मोकळीक राहून जाते.

वेगळे होणे अटळच असेल, तर वडीलधाऱ्यांनी सह्यांबरोबर मनातील दावेही मिटवून घ्यावेत. मग सणावाराला एकमेकांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणे जड जात नाही.