सामन्याला जायचंय, पण भाड्याचं काय?

मुलगी कॉलेजच्या कबड्डी संघात निवडली गेली की घरात कसा आनंद होतो! शेजारी पेढे जातात, आजी दृष्ट काढते. आणि आठ दिवसांनी तीच मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हळूच म्हणते, "आई, सामने रत्नागिरीला आहेत. नऊशे रुपये लागतील. परवापर्यंत."

परवापर्यंत! महिन्याची पंचवीस तारीख, गॅस संपत आलेला, धाकट्याची फी भरायची. आई वैतागते, वडील गप्प होतात आणि मुलगी जे समजायचे ते समजते.

आमच्या करंज्याकडच्या मुलींच्या एका संघाचे पैसे सांभाळायचे काम दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. हिशेब बरा ठेवते, एवढीच माझी पात्रता. पहिल्याच दौऱ्याच्या आदल्या दिवशी एका मुलीने निरोप पाठवला, "पाय मुरगळलाय, येता येणार नाही." चढाईला तिच्यासारखी दुसरी नाही हो! आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि चार गुणांनी हरून आलो. परतले त्या संध्याकाळी पाहते तो काय, डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन बाईसाहेब चढावरून तरातरा चालल्या आहेत. "पाय बरा दिसतोय ग?" मी म्हटलं. ती लाजली, मग डोळे भरून आले. "बाई, दोन महिने बोट बंद होती. आत्ता कुठे दर्यात गेलीय. आईकडे कुठल्या तोंडाने मागू?"

त्या दिवसापासून कोणाचाही पाय मुरगळला की मी आधी पैशांची चौकशी करते, मग बामाची.

तसा प्रवासखर्चाचा हा घोर काही आजचा नाही. १९३२ साली आपला हॉकीचा संघ लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकला निघाला तेव्हा पैसे उभे करण्यासाठी त्याला प्रदर्शनी सामने खेळावे लागले होते. सुवर्णपदक मिळवून आले हो ते! आणि आपले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव? १९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्यासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. त्यातून ते कांस्यपदक आले. पण प्रत्येक मुलीला असे प्राचार्य कुठून भेटणार? आपल्याला घर गहाण टाकायचे नाही. फक्त वही वेळेवर उघडायची आहे.

वर्षाचा हिशेब एकदाच

मुंबई विद्यापीठाचा पसारा केवढा आहे पहा. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि पार सिंधुदुर्ग. गिरगावातली मुलगी लोकलने सामन्याला जाऊन रात्री घरी जेवायला येते. सावंतवाडीच्या मुलीला त्याच सामन्यासाठी दोन रात्री प्रवासात काढाव्या लागतात. आपण उरणकर मधले. कधी जवळ, कधी लांब. म्हणून दौऱ्यागणिक पैसे मागायचे नाहीत. संपूर्ण हंगामाचा अंदाज एकदाच करायचा.

समजा, तीन दौरे आहेत. अलिबागला माणशी १५० रुपये, मुंबईला २००, रत्नागिरीकडे ९००. माणशी झाले १,२५०. संघ बारा मुलींचा, पण तिकिटे चौदा. सर आणि सोबतची एक बाई यांना आपण नेहमी विसरतो! चौदा माणसांचे १७,५००. त्यावर दहावा हिस्सा राखीव, १,७५०. एकूण १९,२५०. कॉलेजकडून ७,२५० मिळतील असे धरले तर उरले १२,०००. बारा मुलींत वाटले की प्रत्येकी हजार, आणि पाच हप्ते केले तर दोनशे. "परवापर्यंत नऊशे" आणि "महिन्याला दोनशे" यांत किती फरक आहे, हे घर चालवणारीला मी काय सांगावे?

राखीव रक्कम कशाला, असे वाटेल. अहो, ती जिंकण्यासाठी! बाद पद्धतीच्या सामन्यांत हरलेला संघ त्याच दिवशी परततो. जिंकलेल्याला मुक्काम करावा लागतो, दोन वेळचे जेवण वाढते. जिंकल्यावर पोरींचे चेहरे खर्चाच्या काळजीने उतरलेले मी पाहिले आहेत. तसे होऊ नये.

खर्च फळ्यावर, वर्गणी वहीत

हा नियम मात्र मोडू नका. पैसे कुठे गेले ते सगळ्यांना दिसले पाहिजे. तिकीट, रिक्षा, चहा, सगळे फळ्यावर लिहा. पण कोणी किती दिले हे फक्त हिशेब ठेवणाऱ्या दोघींनाच ठाऊक असावे. वर्गात नावे वाचून "हिचे राहिले, तिचे राहिले" म्हटले की पुढच्या दौऱ्याला पाय मुरगळलाच म्हणून समजा.

हप्त्याची तारीखही घर पाहून ठरवा. नोकरदाराच्या घरून पहिल्या आठवड्यात पैसे येतील. बोटवाल्यांच्या घरी जून-जुलैत मागू नका, तेव्हा मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमा होऊ द्या. शेतकऱ्याच्या घरी भात निघू द्या. एखादीला जमतच नसेल तर महिला मंडळाने दिवाळीत चकल्या-करंज्यांची ऑर्डर घ्यावी आणि नफा डब्यात टाकावा. मात्र तो "गरीब मुलीसाठी" म्हणून नको, संघासाठी म्हणून टाकावा.

कॉलेजकडे मागायला लाजू नका

फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते. ती आपणच भरलेली असते. तेव्हा संघाच्या प्रवासासाठी काय मिळते हे जुलैतच लेखी अर्जाने विचारा. गोम अशी की, पैसे बहुधा बिले दिल्यावर मिळतात. म्हणजे आधी खिशातून घाला, मग वाट पहा. ज्याच्या खिशात आहे त्याला हे चालते, आमच्या हंडेवालीला चालत नाही. म्हणून अर्जात "आगाऊ उचल मिळावी" हे शब्द घाला. एका ठिकाणी आमची बिले चार महिने अडकली, कारण बसची तिकिटे पोरींनी पुस्तकात खुणेला घातली होती! तेव्हापासून मी जुन्या साडीच्या काठाची एक पिशवी शिवली आहे. तिकीट हातात पडले की पिशवीत.

कशाने जावे?

एस. टी. सर्वात आधी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.च्या सर्व गाड्यांत निम्मे तिकीट झाले आहे. मुलींच्या संघाला ही केवढी सोय! २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले खरे, तरी निम्मे ते निम्मेच. जीप ठरवण्यापूर्वी हा हिशेब करून पहा. सरांचे तिकीट तेवढे पूर्ण धरा. पूर्ण गाडी हवी असेल तर डेपोत "प्रासंगिक करारा"ची चौकशी करा. तिथे पैसे गाडीचे पडतात, माणसांचे नाही. म्हणून चौदा जणांसाठी ती घेऊ नका. उरण, पनवेल, पेण अशा वाटेवरच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून घ्या. मैदानात विरुद्ध खेळणाऱ्या मुली बसमध्ये शेजारी बसून भेंड्या खेळतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अलिबागला जाताना पेणचा वळसा कशाला? करंजा-रेवस लाँच आहे ना! पलीकडे उतरले की पुढे बस. पूल होईल तेव्हा होईल. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून त्याच्या गोष्टी ऐकतो आहोत. पण पावसाळी वारा असेल तर आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्या आणि बसच्या भाड्याचे पैसे जवळ ठेवा. मुंबईला जायचे तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच आहे, आणि १२ जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकलही आहे. सामना कुठल्या भागात आहे ते पाहून ठरवा.

रत्नागिरी-सावंतवाडीसाठी पनवेलहून कोकण रेल्वे. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. एका तिकिटावर सहाच नावे बसतात, म्हणजे चौदा जणांची तीन तिकिटे. प्रत्येक तिकिटावर एक मोठे माणूस येईल असे पहा. मोठी माणसे दोनच असल्याने तिसऱ्या तिकिटाची जबाबदारी कर्णधाराकडे द्या. खेळाडूंची रेल्वे सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाली. विद्यार्थ्यांची सवलत राहिली, पण ती घरी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी असते. तेव्हा जुन्या माणसांच्या "पाऊण भाडं माफ असतं" या भरवशावर राहू नका. आणि सामना गणपतीच्या दिवसांत आला तर? आरक्षण विसराच! तारीख बदलण्याचा अर्ज आधीच करा.

संयोजकांना दोन शब्द

लांबून येणाऱ्या संघाचा सामना सकाळी आठला ठेवू नका. एका मुक्कामाचा खर्च तिथेच वाचतो. आणि आपल्या गावात सामने असतील तर एखाद्या शाळेचा वर्ग, दोन सतरंज्या आणि पिठलं-भात यांची सोय आपण बायकांनी करावी. आज सावंतवाडीच्या मुली आपल्याकडे जेवतील, उद्या आपल्या मुली त्यांच्याकडे. असा मुक्काम फिटंफाट होतो.

शिदोरीचेही सांगते. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी. सुकटीची चटणी आम्हां करंजेकरांना कितीही प्रिय असली तरी बंद डब्यात प्रवासात उघडू नका. मागच्या वेळी कंडक्टरने खिडक्या उघडायला लावल्या!

आमची ती मुलगी? गेल्या वर्षी सगळे दौरे खेळली. तिचे हप्ते नारळी पौर्णिमेनंतर आले, एक तर नोव्हेंबरमध्ये आला. ते तिला आणि वहीला ठाऊक. संघ अंतिम फेरीत गेला नाही, पण एक मुक्काम वाढला आणि राखीव पैसे त्याच्यासाठी कामी आले.

मैत्रिणींनो, आपण भिशी चालवतो, हळदीकुंकवाचे वाण घाऊक आणतो, लग्नाच्या वऱ्हाडाची बस ठरवतो. मग बारा मुलींचा प्रवास आपल्याला जड का व्हावा? या जुलैत मुलीच्या सरांना जाऊन भेटा, वही मागून घ्या. आणि तुमच्या गावाने आणखी काही युक्ती काढली असेल तर जरूर कळवा.