खानदानाची किंमत

नांदेड-लातूरकडे सोयरीक ठरू लागली की सगळ्यांत आधी कुळाची चौकशी होते. देशमुखी होती काय, पाटीलकी कोणाकडे होती, हे प्रश्न आटोपल्यावर मुलीचे शिक्षण निघते. वतने कायद्याने गेली. त्यांचा दिमाख लग्नमंडपात अजून सुखरूप आहे. मात्र ज्या खानदानाचा एवढा अभिमान, त्यातील स्त्रियांच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याची तसदी हे अभिमानी घेत नाहीत.

देवगिरीच्या यादवांहून मोठे घराणे मराठवाड्याला सांगता येणार नाही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर झडप घातली, तेव्हा रामचंद्रदेवाने सोने, मोती दिले आणि आपली मुलगीही दिली. खंडणीची मोजदाद मणांनी झाली. मुलीचे नाव फारसी ग्रंथात झत्यापाली असे काहीसे उतरले आहे. माहेरी तिला काय म्हणून हाक मारीत, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. १३१६ साली अलाउद्दीन मेला. मलिक काफूरने तिचा अजाण मुलगा शिहाबुद्दीन उमर याला तख्तावर बसवले. काही महिन्यांतच सावत्र भाऊ मुबारक याने त्याला पदच्युत करून आंधळे केले. त्याच मुबारकने १३१८ साली रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव याची कातडी सोलवली.

येथे काही मंडळींना परधर्मीयांच्या नावाने बोटे मोडण्याचा मोह होईल. त्यांनी जरा स्वकीयांकडे पाहावे. भोसले आणि शिर्के यांच्यात साटेलोटे झाले: शिर्क्यांची येसूबाई संभाजीराजांना, शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवर गणोजी शिर्क्याला. दोन घराणी बांधली गेली खरी, पण १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाईचा भाऊ मोगलांच्या बाजूला होता आणि ती मोगलांच्या कैदेत. सुटका झाली ती १७१९ साली. तीस वर्षे! दोष एकट्या गणोजीचा नव्हे. जेथे लग्न म्हणजे तह, तेथे तह मोडला की ओलीस राहते ती बाईच.

मग माहूरच्या रायबागनचे नाव पुढे केले जाते. सावित्रीबाई शूर होती, यात वाद नाही. पतीच्या पश्चात तिने फौज सांभाळली. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर मोगलांकडून आली आणि त्याला शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्लाही तिनेच दिला. पण तिच्या हाती सत्ता आली ती वैधव्यातून, आणि ज्या पदवीने जग तिला ओळखते ती बादशहाने बहाल केलेली. एका वाघिणीचे चित्र लावून शंभर पिंजरे झाकता येत नाहीत.

याच वतनदारांच्या रानात खुरपे चालवणाऱ्या कुणबिणीला पाटाची मोकळीक होती. नवरा मेला तर तिला दुसरे घर करता येई. वाड्यातल्या विधवेला तो मार्ग बंद. म्हणजे स्वातंत्र्याच्या हिशेबात मोलकरीण मालकिणीपेक्षा श्रीमंत! आणि कुणब्याच्या घरी चार पैसे येताच त्याने पहिली ‘सुधारणा’ कोणती केली? पाट बंद केला आणि बायकोला गोषात बसवले. खानदानी होण्याची किंमत ही अशी बायकांनी चुकती केली.

आज ती चुकती होते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका वाटा दिला. हुंड्यासाठी त्याच जमिनीचा तुकडा विकणारा बाप पुढे म्हणतो, तिचे लग्नात दिले. दिले कोणाला? तिच्या सासऱ्याला. तिच्या हिश्शाचा प्रश्न निघताच भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. सही केली तर साडीचोळी. नाही केली तर दिवाळीचे बोलावणे बंद, आणि गावभर बोलबाला की पोरीने घराण्याचे नाव घालवले. त्या कागदावर मात्र तिचे नाव, बापाचे नाव, नवऱ्याचे नाव अगदी बिनचूक लिहिलेले असते.