पाहणे आणि नोंदवणे

वसंत ऋतू आला, की गावोगावच्या पक्षिमित्र मंडळांच्या सहली निघतात. पळस, पांगारा फुललेले असतात. काटेसावरीच्या लाल फुलांतील मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते. अशी सहल म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे अनेकांना वाटते. माझ्या मते मात्र तिच्यातून ज्ञान निर्माण होऊ शकते. त्यासाठी पाहिलेले नोंदवले पाहिजे.

डॉ. सालिम अली यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी चिकाटीने न्याहाळली. नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केले की मगच पूर्ण करतो, हे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झाले. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तोही सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला आहे. माळरानावरील पक्षी घटत असल्याचे त्यातूनच दिसून आले.

ज्या माळाला आपण 'पडीक' म्हणतो, तेथेच चंडोल गातो आणि टिटवी उघड्यावर अंडी घालते. म्हणून तेथे पाऊल जपून टाकावे. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाण्याचा मोह टाळावा. स्थळ, दिनांक, वेळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या एवढे प्रामाणिकपणे लिहावे. उद्या त्या माळावर इमारती उभ्या करण्याचा प्रश्न आला, तर तेथे कोणाची वस्ती आहे, हे सांगण्यास ही टिपणवहीच उपयोगी पडेल.