होयबा नको, विरोधक हवा!

‘मराठी माध्यमात शिकलं की इंग्रजी कच्चंच राहतं.’ असं एखादं मत चॅटबॉटला ठासून ऐकवा. तो मान डोलावण्याचीच शक्यता जास्त. एप्रिल २०२५मध्ये तर ‘ओपनएआय’ला चॅटजीपीटीचा एक अपडेट मागे घ्यावा लागला. कारण? तो वापरणाऱ्यांची फारच हांजी हांजी करत होता.

म्हणून मत तपासायला एआय एजंट लावणार असाल, तर कामं वाटून द्या. एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने फक्त विरोध करायचा आणि तिसऱ्याने दोघांच्या प्रत्येक दाव्याचा मूळ स्रोत शोधायचा. मग खरा प्रश्न पुढे येतो : इंग्रजी कच्चं राहतं ते माध्यमामुळे, की शाळा आणि घरच्या परिस्थितीमुळे?

पण एक सांभाळा. तिघंही एकाच मॉडेलवर चालत असतील, तर ते तीन साक्षीदार नव्हेत, एकाच माळेचे मणी. एकाची चूक तिघंही रेटू शकतात. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांचं प्रकरण गाजलं. चॅटजीपीटीने रचलेले, कधी घडलेच नव्हते असे खटले त्यांनी कोर्टात दाखले म्हणून दिले. त्यातल्या एकाने ‘हा खटला खरा आहे ना?’ असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. उत्तर आलं, हो! ५ हजार डॉलरचा दंड मात्र माणसांना बसला.

तेव्हा एजंटने दिलेली लिंक स्वतः उघडा, वाचा. मत बदललं तर बदलू द्या. टिकलं, तर का टिकलं हे तरी चारचौघांत सांगता येईल.